दिल्लीची रजा, मुंबईची रजा

रजा मागायला येणारा माणूस माझ्या दारातूनच घसा खाकरत आत येतो. चाकणच्या पट्ट्यात एचआरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला त्या खाकरण्यावरूनच कळतं, घरी लग्न आहे, दवाखाना आहे की नुसताच कंटाळा आलाय. एवढं कळूनही मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचो, "कोणत्या कायद्याखाली?"

आमची कंपनी गाड्यांना लागणारे प्लास्टिकचे भाग बनवते. जुने कामगार मला अजून 'पर्सनलवाले साहेब' म्हणतात. घरी मला 'वकीलसाहेब' म्हणतात आणि त्यात कौतुक नसतं. नोकरी करता करता मी कामगार कायद्याचा डिप्लोमा केला, तिथून हे सुरू झालं. मेव्हण्याच्या साखरपुड्यात मुलीकडच्या एका गृहस्थांना मी अर्जित रजेचं कलम समजावून देत होतो. ते हात धुऊन येतो म्हणाले. थोड्या वेळानं पाहिलं तर पंगतीत बसले होते, माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब.

त्यांना जे सांगता आलं नाही ते इथं थोडक्यात सांगतो. कारखान्यात जो राबतो त्याला केंद्राचा फॅक्टरी ॲक्ट. त्यात भरपगारी रजा साठत जाते, पण ती घ्यायची तर पंधरा दिवस आधी अर्ज द्यायचा. ऑफिसात, दुकानात जो बसतो त्याला राज्याचा शॉप ॲक्ट. साठणारी रजा त्यातही आहे, पण वर वर्षाला आठ किरकोळ रजा, म्हणजे सीएल. सकाळी उठून पाहावं तर नळ फुटलाय, सासूबाई न कळवता आल्यात, पोरगं तापानं फणफणलंय, अशा वेळी जी लागते ती ही रजा. दिल्लीच्या कायद्यात नळ फुटत नाही. हे दोन कायदे एकमेकांशी भांडतात असंही नाही. एका घरात राहून अबोला धरलेल्या जावांसारखे ते वागतात, आणि मधल्या मधे निरोप पोचवायला माझ्यासारखा माणूस लागतो.

आमचं डिझाइनचं ऑफिस पूर्वी चिंचवडला भाड्याच्या जागेत होतं, मीही तिथंच बसायचो. प्लांट चाकणला. दोन गावं, दोन कायदे, कुणाचा कुणाला त्रास नाही. मग व्यवस्थापनानं ते ऑफिस बंद करून आम्हा सगळ्यांना प्लांटच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आणून बसवलं. खाली मोल्डिंगची मशिनं, वर आमचे कॉम्प्युटर, मधे एक जिना.

पहिल्याच मीटिंगमध्ये प्लांट हेडनी मला विचारलं, "वरच्या लोकांना आता कुठला कायदा लागू?"

या प्रश्नावर वकिलांचंही एकमत होत नाही. मी तसं सांगायला हवं होतं. पण ज्याला आयुष्यभर कुणी कायद्याचं काही विचारलेलं नाही, त्याला भर मीटिंगमध्ये प्रश्न आला की तो 'माहीत नाही' म्हणत नाही. शिवाय त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर माझ्या स्वतःच्या आठ सीएल तरळत होत्या. फॅक्टरी ॲक्टमध्ये गेलो की त्या गेल्या, एवढंच मला दिसत होतं.

मी म्हणालो, "सर, वरचा मजला आपण स्वतंत्र आस्थापना म्हणून दाखवू. वेगळा बोर्ड, वेगळं हजेरीचं मशीन, वेगळं प्रवेशद्वार. आतल्या जिन्याचं दार कायमचं बंद. म्हणजे खाली केंद्र, वर राज्य."

त्यासाठी मी एक स्लाइडही बनवली होती. खालचा मजला निळा, वरचा पिवळा. सगळ्यांनी माना डोलावल्या. महिन्याभरात आतल्या दाराला कुलूप लागलं आणि बाहेरून एक लोखंडी जिना उभा राहिला.

मग आम्ही त्या जिन्यावरून चालायला लागलो. कँटीन खाली होतं. तिथं जायचं तर बाहेरचा जिना उतरून, जनरेटरच्या मागून, कच्च्या मालाच्या ट्रकांमधून वाट काढत मुख्य गेटवर यायचं. गेटवर सिक्युरिटीवाला पास मागायचा, कारण आम्ही 'बाहेरच्या आस्थापनेचे'. पास देण्याचा अधिकार माझा. त्यामुळे मी जेवायला जाताना स्वतःलाच पास लिहून देत असे. एका पासावर माझ्या दोन सह्या, देणारा आणि घेणारा. एकदा घाईत देणाऱ्याची सही राहिली, तर त्या सिक्युरिटीवाल्यानं मला उन्हात उभं केलं. म्हणाला, "नियम तुमचाच आहे, सर." डिझाइनच्या मुली माझ्याकडे बघून हसल्या. निदान तेव्हा मला ते हसणं वाटलं.

युनियनचा सेक्रेटरी आमच्या मोल्डिंग मशीनवरचाच. चाकणजवळच्या गावातला, भरघोस मिशांचा, बोलायला लागला की मशीनच्या आवाजावरून ऐकू येणारा. तो एके दिवशी पूर्ण वळसा घालून, लोखंडी जिना चढून माझ्याकडे आला आणि खुर्चीत टेकला.

"साहेब, ते आतलं दार का बंद क्येलं?"

"कायद्यासाठी."

"कायद्याला वारा लागत व्हता काय?"

मी त्याला स्लाइड दाखवली. त्यानं ती मन लावून पाहिली.

"म्हंजी वर आठ सीएल हायती, आन खाली न्हाईत."

"बरोबर."

"मंग आमाला बी द्या की."

"तसं नाही होत. तुमचा कायदा केंद्राचा आहे. केंद्रात सीएलची तरतूदच नाही."

"केंद्रात न्हाई, पर कंपनी तर हितंच हाय की."

मी हसलो. समोरच्याला मुद्दा कळलेला नाही असं वाटलं की मी जसा हसतो तसा. "नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. त्याच आठवड्यात मी एका ऑपरेटरला मामाच्या दहाव्यासाठी रजा नाकारली होती. अर्ज पंधरा दिवस आधीचा नव्हता. मामा काही पंधरा दिवस आधी कळवून जात नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. सेक्रेटरीला सुचलं आणि त्यानं ते कँटीनभर सांगितलं.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं सांगावंसं वाटतं त्यांच्याकडे येतो. चिखलीत आम्ही ज्या सोसायटीत राहतो तिथंच, आमच्या खालच्या मजल्यावर एक जोडपं राहतं. मूळचे लातूरकडचे. दोघंही तेव्हा आमच्याच कंपनीत. ती वर डिझाइनला, तो खाली क्वालिटीत इन्स्पेक्टर. एकाच दुचाकीवर कंपनीत यायचे. पार्किंगमधून ती लोखंडी जिन्याकडे वळायची, तो मुख्य गेटातून आत जायचा. नवरा राज्याच्या हद्दीतून केंद्रात शिरतोय असं मी एकदा गमतीनं म्हणालोही होतो. ती हसली नव्हती.

त्यांची मुलगी सात वर्षांची. त्या वर्षी पावसाळा सरत असताना सोसायटीत डेंग्यूची साथ आली आणि तिला ताप भरला. प्लेटलेट्स उतरायला लागल्या तसं तिला जवळच्या दवाखान्यात दाखल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील माझ्या ऑफिसच्या दारात उभे राहिले. खाकरले नाहीत, सरळ आत आले.

"सर, परवाची रजा हवी होती. आजची आणि उद्याची हिची सीएल आहे, त्या दोनच उरल्या होत्या. परवा तिला गिऱ्हाइकासमोर डिझाइन दाखवायचंय, टाळता येत नाही. आई लातूरहून निघतेय, पण परवा रात्रीपर्यंत पोचेल. मधला एक दिवस पोरीजवळ कुणी नाही."

त्यांच्या खात्यावर रजा साठलेली होती, भरपूर होती. पण अर्ज पंधरा दिवस आधीचा नव्हता. बिनपगारी घेतली तर ती गैरहजेरी लागली असती, आणि त्यांची बढतीची फाइल त्याच महिन्यात वर जायची होती. सूट देणं माझ्या हातात होतं. पण मामाच्या दहाव्याला नाकारलेला माणूस अजून कँटीनमध्ये माझ्याकडे पाठ करून बसत होता. याला दिली तर त्याला काय सांगू?

हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. कलमांसकट.

ते ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "सर, ताप तर एकाच पोरीला आलाय." आणि खाली गेले, वळसा घालून.

संध्याकाळी घरी मी हे बायकोला सांगितलं. ती ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथालयात काम करते. रस्त्यावरच्या ट्रॅफिकनं वैतागून नुकतीच घरी आलेली होती. भाजी चिरत तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कायद्यापेक्षा जास्त रजा दिली तर पोलीस धरतात का हो?" तिनं विचारलं.

"नाही. तसं नाही. पण पायंडा पडतो."

"परवा माझी परीक्षेची ड्यूटी आहे, नाहीतर मीच बसले असते पोरीजवळ." तिनं सुरी खाली ठेवली. "तुमच्या किती सीएल उरल्यात?"

"आहेत चार-पाच."

"मग तुम्ही बसा. मुंबईच्या कायद्यानं."

मी रजेचा अर्ज केला. कारण लिहिलं, 'तातडीचं घरगुती काम'. मंजूर करणारा मीच. पुन्हा दोन सह्या.

त्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा मुलीचे आईवडील कंपनीच्या कपड्यांतच होते. आईनं मला पाण्याची बाटली, औषधांच्या वेळा, नर्सला बोलवायची घंटा, असं सगळं समजावलं.  जाताना वडिलांनी माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. मला वाटलं, मी फार मोठं काम करतोय. हे वाटणं नाश्त्यापर्यंत टिकलं.

मुलगी पांढरीफटक पडली होती, पण तोंड चालू होतं. एका हाताला सलाइन, दुसऱ्या हातानं ती माझ्याशी साप-शिडी खेळत होती. माझी सोंगटी ती नजर चुकवून मागे सरकवत असे. मी ते पाहत होतो, पण आजारी मुलीला काय बोलणार? तिसरा डाव हरल्यावर मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला डुलकी लागली. नर्सनं खांदा हलवून उठवलं. "अहो, सलाइन संपलं! तुम्ही पेशंटजवळ बसलाय की पेशंट तुमच्याजवळ?" शेजारच्या खाटेवरच्या आजी पदर तोंडाला लावून हसल्या.

दुपारी मुलीनं विचारलं, "काका, तुम्ही कंपनीत काय करता?"

"मी सुट्ट्या बघतो."

"बघता म्हणजे?"

"म्हणजे कुणाला द्यायची, कुणाला नाही, ते ठरवतो."

ती उठूनच बसली. "मग पप्पांना द्या ना!"

मी साप-शिडीचा पट मधे ठेवला. सात वर्षांच्या मुलीला समजेल असं सोपं करून सांगायचं ठरवलं. एवढी वर्षं मी अधिकाऱ्यांना हेच समजावतोय, हिला का नाही समजणार? म्हणालो, "हे बघ, पप्पा खाली काम करतात. त्यांचा कायदा दिल्लीचा. मम्मी वर काम करते. तिचा कायदा मुंबईचा. मुंबईच्या कायद्यात अशी पटकन सुट्टी मिळते, दिल्लीच्या कायद्यात नाही."

"आणि तुमचा?"

"माझा पण मुंबईचा."

तिनं थोडा विचार केला. "पण तुम्ही तर माझे कुणीच नाही."

"हो."

"मग तुम्हाला माझ्यासाठी सुट्टी मिळते, आणि पप्पांना नाही?"

शेजारच्या आजी आता हसत नव्हत्या. त्याही उत्तराची वाट बघत होत्या. मी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्यातून कलम बाहेर आलं नाही.

"दिल्लीला फोन करा," मुलगी म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली.

तेवढ्यात माझाच फोन वाजला. प्लांट हेड. ऑडिटवाले आले होते आणि रजेच्या नोंदी मागत होते.

"कुठं आहात तुम्ही?"

"सीएलवर आहे, सर. दवाखान्यात."

"अरे, काय झालं तुम्हाला?"

"मला नाही, सर." आणि मी सगळं सांगितलं. सांगता सांगता ते ऐकून मलाच कसंतरी वाटायला लागलं.

 मग साहेब एकेक शब्द मोजत म्हणाले, "म्हणजे त्याला रजा देता येत नाही म्हणून तुम्ही रजा घेऊन त्याच्या मुलीजवळ बसलात."

"हो, सर."

"आणि तो इथं आहे."

"हो. इन्स्पेक्शनवर."

"त्याचं मन लागतंय का इन्स्पेक्शनमध्ये?"

"नसावं, सर."

"आणि तुमचं काम कोण करतंय?"

"कुणी नाही, सर."

"मग या सगळ्यात कंपनीनं वाचवलं काय?"

 "मी त्याला आत्ता पाठवतो," साहेब म्हणाले, "आणि तुम्ही या."

मी फोन ठेवला. मुलीनं विचारलं, "दिल्लीचा होता?"

"तसंच समज," मी म्हणालो.

तिचे वडील आले ते सेफ्टी शूज तसेच घालून, धावत. ही मुलगी सकाळपासून सुया टोचून घेताना रडली नव्हती, मला हरवताना खिदळली होती. तिनं दारात वडिलांना पाहिलं आणि भोकाड पसरलं. त्यांनी तिला सलाइनच्या नळीसकट कवेत घेतलं. मी माझा डबा उचलला. निघताना काहीतरी बोलायला हवं होतं, पण 'अर्जाचं नंतर बघू' एवढंच तोंडातून आलं. त्यांना ते ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं.

ती दोन-तीन दिवसांत बरी होऊन घरी आली.

मी मात्र बरा नव्हतो. सगळ्या कंपनीत बातमी झाली होती की पर्सनलवाल्या साहेबांनी स्वतःची रजा घालवून एका कामगाराला रजा नाकारली. वाक्य कितीही वेडंवाकडं असलं तरी त्यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात सेक्रेटरी आला. मला वाटलं, आता हा मिशीवर ताव मारून बोलणार.

तो म्हणाला, "पोरगी बरी हाय न्हवं?"

"आहे."

"तुमी बसला तितं, ते चांगलं क्येलं." मग उठता उठता, "पर साहेब, दर येळी तुमी किती जणांच्या पोरांपाशी बसनार?"

युनियनबरोबरच्या पगारकरारासाठी बोलणी तेव्हा चालूच होती. युनियननं खालच्या लोकांसाठी तातडीच्या रजांची मागणी लावून धरली. टेबलाच्या अलीकडच्या बाजूला मी, व्यवस्थापनाचा तज्ज्ञ. माझं काम होतं नाही म्हणायचं. साहेबांनी मला विचारलं, "कायद्यात बसतं का हे?"

डिप्लोम्याच्या वेळी फॅक्टरी ॲक्टमध्ये एक कलम मी पेन्सिलनं दोनदा अधोरेखित केलं होतं. कायदा सांगतो ती कमीत कमी रजा, कराराने त्याहून जास्त मिळत असेल तर कायदा तिच्या आड येत नाही, अशा अर्थाचं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं, त्याला मार्कही मिळाले होते. नोकरीत ते एकदाही आठवलं नव्हतं. बायकोनं पोलिसांचं विचारलं तेव्हाही नाही.

"बसतं, सर," मी म्हणालो. "कधीपासूनच बसत होतं."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा होता.

आठ काही झाल्या नाहीत. घासाघीस होऊन खालच्या लोकांना चार तातडीच्या रजा मिळाल्या. खालचे म्हणाले, वरच्यांना आठ, आम्हाला चारच? वरचे म्हणाले, खालच्यांना करारात आजारपणाच्याही आहेत, आम्हाला कुठं? दोन्ही मजले माझ्यावर नाराज आहेत, या एका बाबतीत मी कंपनी जोडली. आतलं दार मात्र अजून बंद आहे. माझी स्लाइड ऑडिटच्या फायलीत लागलीय आणि आता ती काढायची कुणाची तयारी नाही. मुलीचे वडील पुढच्या वर्षी तळेगावच्या एका कंपनीत चांगल्या जागेवर गेले. तिची आई अजून आमच्या वरच्या मजल्यावर आहे. बाकी सगळ्यांना ती 'सर' म्हणते, मला 'काका' म्हणते. यात बढती आहे की शिक्षा, मी विचारलेलं नाही.

आता केंद्रानं जुने कायदे गुंडाळून नव्या संहिता आणल्या आहेत. राज्याचे नियम त्यांच्याशी कसे जुळणार यावर एचआरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एक मत येतं आणि संध्याकाळी त्याच्या उलट दुसरं. लोक मला विचारतात. मी म्हणतो, "बघून सांगतो." हे दोन शब्द डिप्लोम्यात पहिल्या दिवशी शिकवायला हवेत.

करारावर सह्या झाल्यानंतर तातडीची रजा घेणारा पहिला माणूस सेक्रेटरीच होता. लोखंडी जिना चढून, घाम पुसत तो माझ्यासमोर बसला आणि घसा खाकरला. त्या खाकरण्यावरून मला काहीच कळलं नाही. लग्न नव्हतं, दवाखाना नव्हता, कंटाळा तर मुळीच नव्हता. कारणाच्या जागी त्यानं लिहिलं होतं, 'तातडीचं घरगुती काम'.

"काय काम आहे?" मी विचारलं. सवय.

त्यानं मिशीवरून हात फिरवला. "गावची जत्रा हाय उद्या. शर्यतीच्या घाटात बैलगाडा पळवायचाय."

"याला घरगुती काम म्हणतात?"

"बैल घरचेच हायती, साहेब."

मी सही केली. या वेळी एकच.